बालपणाची साक्ष

हातीं घेतलेलें काम तडीस जात नाहीं, चित्त एका ठिकाणीं ठरत नाहीं, अशी तक्रार घेऊन चाळिशीचा गृहस्थ डॉक्टरांकडे गेला, तर त्याला हमखास विचारलें जातें : 'लहानपणीं आपण कसे होतां?' श्रोत्यांना हा प्रश्न अप्रस्तुत वाटेल. परंतु त्यामागें मोठा इतिहास आहे.

१७९८ सालीं अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्यानें अवधानाच्या अस्थिरतेचें वर्णन केलें. हा दोष जन्मजात असूं शकतो व वयोमानानें बहुधा कमी होतो, असें त्याचें मत होतें. १९०२ सालीं लंडनमध्यें जॉर्ज स्टिल यांनीं, बुद्धि शाबूत असूनहि स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांवर व्याख्यानें दिलीं. मूल वाढलें कीं चांचल्य ओसरतें, ही समजूत पुढें इतकी दृढ झाली, कीं १९६८ च्या अमेरिकन निदानग्रंथांतहि ती नमूद झाली.

तिला धक्का दिला तो उटाह विद्यापीठाच्या पॉल वेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. १९७६ सालीं त्यांनीं प्रौढांतहि हा विकार उरतो असें प्रतिपादिलें. पण प्रौढाचें चित्त चिंतेनें, खिन्नतेनें वा जागरणानेंहि विचलित होतें. मग भेद कसा करावा? विकाराचें मूळ बालपणांत सांपडलें पाहिजे, हें त्याचें उत्तर. त्यासाठीं १९९३ सालीं ६१ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. निदानग्रंथानें १९८० सालीं लक्षणारंभाची वयोमर्यादा सात वर्षें ठेविली होती. २०१३ सालीं ती बारा झाली.

परंतु स्मृति ही साक्षीदार कितपत विश्वासू? २००२ सालीं न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं हें पारखून पाहिलें. बालपणीं निदान झालेल्यांना सरासरी पंचविसाव्या वर्षीं पूर्ववृत्त विचारलें, तेव्हां त्यांच्यापैकीं ७८ टक्क्यांचें निदान आठवणींवरून बरोबर ठरलें. मात्र जे निर्दोष होते त्यांपैकीं ११ टक्केहि विकारग्रस्त ठरले. हा आंकडा लहान वाटतो. पण हजारांत ५० जण खरे विकारग्रस्त धरले, तर ३९ जण बरोबर सांपडतील आणि उरलेल्या ९५० पैकीं शंभरावर निर्दोष लोकांवर शिक्का बसेल!

न्यूझीलंडमधील डनीडिन येथें १९७२-७३ सालीं जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेवल्या गेल्या. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ३८ व्या वर्षीं ज्यांच्यांत हा विकार आढळला, त्यांपैकीं सुमारें ९० टक्क्यांच्या बाबतींत बालपणीं तसें निदान नव्हतें.

म्हणून जाणते डॉक्टर रुग्णाच्या आठवणींवरच विसंबत नाहींत. आईवडिलांना विचारतात, शाळेचीं जुनीं प्रगतिपुस्तकें मागतात. खोटी आठवण निष्कारण औषध गळीं मारूं शकते, तर खरी आठवण बुजली म्हणजे गरजवंत उपचारांस मुकतो. घरच्या पेटींत पडून असलेल्या प्रगतिपुस्तकांतील 'वर्गांत लक्ष नाहीं' हा मास्तरांचा त्रोटक शेरा रद्दींत घालण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें दोनदां विचार करावा.