'करतो साहेब' म्हणजे नक्की काय?

चाकणला कंपन्या आल्या तेव्हा आपला परदेशाशी संबंध आला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही मंडळी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुढे आकुर्डीत बजाजची स्कूटर निघाली, तिचा परवाना इटलीच्या पियाजिओचा.

पण तेव्हा तंत्र बाहेरचं, साहेब बहुतेक आपलाच. १९९५ला पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज बनू लागली, २००९ला चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि मीटिंगमध्ये समोर जर्मन माणूस बसू लागला.

अडचण नुसत्या भाषेची नव्हती. आपला पोरगा 'करतो साहेब' म्हणतो, त्यात 'जमलं तर बघतो' हेही धरलेलं असतं. समोरचा तो शब्द पक्का धरून पुढचं काम लावतो. उद्या काम झालेलं नसतं, आणि पोरगा खोटारडा ठरतो. खरं तर त्याने फक्त मान राखलेला असतो.

आयटीआयमध्ये आपण मशीन शिकवतो. 'साहेब, उद्या होणार नाही, परवा देतो' हे सांगायलाही शिकवायला हवं. कंत्राटावरच्या पोराची नोकरी या एका वाक्यावर टिकू शकते.

तुमच्या लाईनवर काय अनुभव? लिहा.