नजफचा हौजा : आक्षेपातून उभी राहिलेली परंपरा

इराकमधील नजफचा हौजा हे शिया पंथाचे ज्येष्ठ विद्यापीठ. हजरत अली यांच्या दर्ग्याच्या आश्रयाने येथे पूर्वीही विद्वान राहत. पण अध्यापनाची घडी बसवली ती शेख अबू जाफर तूसी यांनी, असेच परंपरा मानते.

खुरासानातील तूस येथे 995 साली जन्मलेले तूसी 1017 मध्ये बगदादला आले. शेख मुफीद आणि त्यानंतर शरीफ मुर्तझा यांच्या हाताखाली ते घडले. मुर्तझांच्या निधनानंतर, 1044 पासून, पंथाची वैचारिक धुरा त्यांच्याकडे आली. शियांच्या श्रद्धेनुसार दडून असलेल्या बाराव्या इमामांचे चौथे दूत अली समरी 941 मध्ये वारले आणि इमामांशी असलेला दुवा तुटला, त्याला तेव्हा शतक उलटले होते. इमाम इतकी वर्षे हयात कसे, आणि दडून का, हे प्रश्न विरोधक उघड विचारत होते.

त्याला उत्तर म्हणून 1055 च्या सुमारास ‘किताब अल्-गैबा’ हा तूसींचा ग्रंथ सिद्ध झाला; गैबा किंवा गैबत म्हणजे इमामांचे दडून असणे. शतकभर आधी याच विषयावर लिहिणाऱ्या नुमानींनी मुख्यतः परंपरेतील वचने प्रकरणवार लावली होती. तूसींनी तर्क पुढे आणला, वचने मागाहून. त्यांच्या पानांवर पहिला शब्द बहुधा प्रतिपक्षाचा असतो. ‘कोणी असे म्हणेल’ म्हणून आक्षेप पुरत्या ताकदीने मांडायचा आणि मगच ‘आम्ही म्हणतो’ अशी सुरुवात करायची, ही त्यांची रीत. युक्तिवादात वाक्ये आखूड आणि कोरडी. कथन आले की मात्र सांगणाऱ्यांची साखळी नावानिशी येते. दीर्घायुषी पुरुषांची लांबलचक यादी आजच्या वाचकाला दमवते खरी. पण इमामांचे दूत असल्याचा खोटा दावा करणाऱ्यांनाही त्यांनी ग्रंथात जागा दिली, हे धाडसच. वेळ अपुरा आहे, चित्त विखुरलेले आहे, असे ते प्रस्तावनेत सांगतात. एरवी हा लेखकी संकेत वाटला असता. त्या वर्षीचे बगदाद पाहता ते अक्षरशः खरे असावे.

सुन्नी सेल्जुक तुर्कांच्या फौजा त्याच वर्षी शहरात शिरल्या. दंगलींत तूसींचे घर लुटले गेले, ग्रंथ आणि अध्यापनाचे आसन जळाले. साठी ओलांडलेला हा विद्वान नजफला आला आणि 1067 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. 1063 पासून त्यांनी येथे सांगितलेली प्रवचने ‘अमाली’त आहेत. त्यांच्या घराची पुढे मशीद झाली. अध्यापन पुत्र अबू अली यांनी चालवले.

तूसींचा दरारा एवढा, की सुमारे शतकभर त्यांचे मत ओलांडायला फारसे कोणी धजावले नाही. ती कोंडी हिल्ला येथील इब्न इद्रीस यांनी फोडली आणि विद्येचे केंद्रही तिकडेच सरकले. नजफला पाण्याचाही तुटवडा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस अवधच्या नवाब आसफुद्दौला यांच्या पैशातून तो भागवण्यासाठी हिंदिया कालवा निघाला. त्याच सुमारास बहरुल उलूम यांनी आणि पुढे मुर्तझा अन्सारी (निधन 1864) यांनी हौजाला पुन्हा अग्रस्थानी नेले.

इराकच्या बाथ राजवटीने मात्र कठोर घाव घातले. 1980 मध्ये मुहम्मद बाकिर सद्र यांना फाशी झाली. 1991 च्या शियांच्या उठावानंतर विद्वानांची धरपकड झाली. गैबतीवर बृहद्ग्रंथ लिहिणारे मुहम्मद सद्र 1999 मध्ये मारले गेले. 2003 मध्ये ही राजवट कोसळल्यावर वर्ग पुन्हा भरू लागले आणि मार्च 2021 मध्ये पोप फ्रान्सिस येथील ज्येष्ठ धर्मगुरू आयतुल्ला सिस्तानींच्या भेटीला नजफला आले.

येथील वरिष्ठ वर्गाला ‘दर्से खारिज’ म्हणतात. त्याला नेमलेले पुस्तक नसते. शिक्षक बोलत असतानाच विद्यार्थी मध्येच आक्षेप घेतो, आणि शिक्षक विवेचन थांबवून त्याला उत्तर देतात.