मुलींचा खेळ आणि बघणाऱ्या आपण

चिटणीसबाईंनी स्मरणिकेकरिता इतिहासपर लेख मागितला, तेव्हा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे प्रथम मनात होते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत एक लहानसा प्रसंग घडला आणि विषय आपोआप ठरला. संध्याकाळी आम्ही चार-पाचजणी फिरावयास निघालो होतो. वाटेतल्या मैदानावर दहा-बारा मुली फुटबॉल खेळत होत्या आणि कडेला उभी असलेली पोरे त्यांना हसत होती. आमच्यापैकी एक भगिनी म्हणाल्या, "खेळू देत बापड्या, पण यांचा खेळ बघणार कोण?" आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसणे मनाला डाचू लागले.

बायकांचा खेळ कोणी बघत नाही म्हणून तो वाढत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. इतिहास काय सांगतो ते आता पाहा.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बाया काम करू लागल्या. प्रेस्टन गावच्या 'डिक, कर' या कारखान्यातील मुलींनी १९१७ साली फुटबॉलचा संघ काढला. जखमी शिपायांच्या मदतीसाठी त्या सामने खेळत. त्यांचा खेळ बघावयास कोणी आले नाही असे वाटते काय? १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांच्या सामन्यास ५३,००० माणसे आली, आणि हजारो लोकांना जागा नाही म्हणून दारातून परत जावे लागले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. पैशांच्या हिशेबाचेही कारण पुढे करण्यात आले. ती बंदी उठावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत, तर पश्चिम जर्मनीत १९५५ पासून १९७० पर्यंत अशीच बंदी होती.

म्हणजे बघणारे आले नाहीत म्हणून खेळ थांबला असे नव्हे. बघणारे येत असतानाच दार लावले गेले. दोन पिढ्या दार बंद राहिल्यावर बघण्याची सवय मोडली, आणि मग लोकच म्हणू लागले की बायकांचा फुटबॉल कोण बघतो!

आपल्या देशाची हकिकत निराळी, पण दुःख तेच. १९७५ साली स्त्रियांच्या फुटबॉलची राष्ट्रीय संघटना निघाली. पाच वर्षांच्या आत, १९८० च्या आरंभी कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. १९८३ साली बँकॉक येथेही त्या उपविजेत्या ठरल्या. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला; फुटबॉलमध्ये तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. यांतले आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होते? मला तर ठाऊक नव्हते.

आपला भाग फुटबॉलला परका आहे असेही नाही. १९५६ पर्यंत कळमनुरी हैदराबाद राज्यात होती, आणि त्या काळी हैदराबादच्या पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून सलग पाच वर्षे जिंकला होता. त्या संघाचे गुरू रहीमसाहेब. १९५१ आणि १९६२ साली त्यांच्याच शिकवणीखाली भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. आमचे वडील या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगत. परंतु ते सांगत ते भावांना बैठकीत बसवून. आम्ही मुली त्या स्वयंपाकघरातून ऐकत असू.

कोणी म्हणेल, मुलींच्या खेळात पुरुषांचा वेग नाही, ताकद नाही. तसे असेलही. पण कोल्हापुरात पाटाकडील किंवा खंडोबा तालमीच्या सामन्यास शाहू स्टेडियमवर जी गर्दी लोटते, ती काय वेग मोजावयास जाते? आपल्या पेठेची पोरे खेळताहेत म्हणून जाते. खेळाची गोडी प्रथम आपलेपणातून लागते, पारख मागाहून येते. त्याच कोल्हापूरच्या नावाचा मुलींचा संघही २०१९ साली राष्ट्रीय महिला लीगमध्ये उतरला. तेव्हा खरा प्रश्न खेळाच्या दर्जाचा नाही. या मुलींना आपण आपल्या म्हणतो की नाही, हा आहे.

एकदा आपल्या म्हटल्या की काय होते ते २ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वांनी पाहिले. नवी मुंबईच्या मैदानावर सांगलीच्या स्मृती मानधना आणि त्यांच्या सोबतिणींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान खच्चून भरले होते. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा पुण्यात १९७३ साली भरली, त्या वेळी संघ होते अवघे तीन. फुटबॉलमध्येही बार्सिलोना शहरी २०२२ च्या एप्रिलात मुलींच्या एका सामन्यास ९१,६४८ लोक आले. आपल्या मुलींनी २०२५ च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच भूमीवर हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळविली. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे.

आता एक कबुली देते. माझी मुलगी शाळेत चार वर्षे खो-खो खेळली. मी तिला कधी अडविले नाही, आणि याचा मला अभिमान वाटे. पण मी एकदाही तिचा सामना बघावयास गेले नाही. परवा तिला हा लेख वाचून दाखविला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आई, मी दर वेळी कडेला बघत असे, तू आलीस का म्हणून."

भगिनींनो, दार लावण्यासाठी संघटनेचा ठरावच लागतो असे नाही. आपण घरी बसलो तरी ते लागते. मैदानावरच्या त्या मुली अजूनही रविवारी सकाळी खेळतात. मंडळाच्या सतरंज्या कपाटात पडून आहेत. त्यांतली एक घेऊन मी येत्या रविवारी कडेला बसणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी अवश्य यावे, ही नम्र विनंती.