परमिट रूम आली कुठून?

वीकएंडला बाहेर जेवायला जायचं, मस्त खायचं, सोबत ग्लासभर वाइन... पुण्या-मुंबईत यात आता नवल राहिलेलं नाही. पण आमच्या बार्शीटाकळीहून अकोल्याला जेवायला गेलं की पहिला प्रश्न येतो, फॅमिली सेक्शन की परमिट रूम?

तर मंडळी, हे 'परमिट' म्हणजे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची देणगी. १९५० पासून मुंबई राज्यात सरसकट बंदी आली. प्यायची तर सरकारी परवाना काढा. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली हा कायदाही पाठोपाठ आला. पुढे महाराष्ट्रात बंदी सैल झाली, पण परवान्याची अट आजही कायद्यात आहे. आणि परवानाधारकांची ती वेगळी खोलीही राहिली.

२००१ मध्ये राज्याने द्राक्षांसाठी वेगळं धोरण आणलं, राज्यात बनलेल्या वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं. नाशिकला वायनरीज वाढल्या. म्हणजे द्राक्षं आपली, वाइनही आपली!

पण टेबल? ते अजून वाटलेलंच. बाबा अन् काका परमिट रूममध्ये, आई अन् पोरं फॅमिलीत. दारू वाईट की चांगली हा वाद बाजूला ठेवू. मला खटकतं ते एवढंच, की बाहेर जेवायला सगळं घर निघतं आणि एकत्र जेवत मात्र नाही.