एक लिपी, दोन भाषा

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नर्मदेच्या खोऱ्याकडे घाट उतरू लागण्यापूर्वी, सिमरोल हे गाव लागते. एकेकाळी होळकरांच्या संस्थानात असलेले हे गाव आज, २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेमुळे, देशभर परिचित आहे. या मुलुखात हिंदी आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. दोहोंची लिपी देवनागरी. तेव्हा संगणकावर एकीची सोय लागली म्हणजे दुसरीचीही आपोआप लागते, असा समज येथे सहज रुजतो. हा समज कितपत खरा, याची परीक्षा ग्रंथालयाच्या सूचीत होते.

प्रश्न तसा जुनाच आहे. होळकर दरबारातील मराठी लिखाण मोडीत चाले. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले ते देवनागरी टायपात. १८१० चा त्यांचा कोश मात्र मोडी टायपात निघाला. हाताशी असलेल्या सामाईक साच्यात भाषा बसवावी, की भाषेसाठी स्वतंत्र साचा घडवावा, हे दोन मार्ग तेव्हाच दिसून आले होते.

संगणक आला तेव्हा प्रथम सामाईक मार्ग पत्करला गेला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुढे पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णरचना मुळात एक आहे, हे जाणून ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली होती. एका भाषेसाठी केलेले श्रम अनेक भाषांच्या कामी आले, हा या मार्गाचा मोठा लाभ होय.

परंतु लिपी म्हणजे भाषा नव्हे. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो; मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मराठी माणूस वर्णमालेच्या शेवटी शोधतो; संकेतात ती केवळ जोडाक्षरे ठरतात. त्यामुळे निव्वळ संकेतक्रमाने लावलेल्या सूचीत ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’मध्ये जाते आणि ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी येतो. पुस्तक कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये दाखल झाला तो २००८ साली. तर महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी प्रमाणित वर्णमाला निश्चित केली ती २००९ साली.

अखेर मान्य झाला तो मधला मार्ग. अक्षरांचा संकेत सर्वांना एकच. वर्णक्रम, महिन्यांची नावे, ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे यांचे नियम मात्र भाषेगणिक वेगळे. या नियमांत मराठीला स्वतःचे घर मिळाले आहे. तथापि, मराठी नियम निवडल्याशिवाय ते लागू होत नाहीत. हिंदी ही राज्यभाषा असलेल्या प्रांतात देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरले जाणे स्वाभाविक आहे. म्हणूनच इंदूर परिसरातील मराठी ग्रंथालयांवर अधिक जबाबदारी येते. सूची संगणकावर चढविताना तिचा क्रम मराठी आहे की नाही, एवढे पाहणे हे तांत्रिक काम वाटेल. पण पूर्वसूरींनी जमविलेला ग्रंथ वाचकाच्या हाती पडणे त्यावरच अवलंबून आहे.