धर्मग्राम (वसई धर्मप्रांतातील)

धर्मग्राम : कॅथॉलिक ख्रिस्तसभेतील स्थानिक एकक. ठरावीक भूप्रदेशातील श्रद्धावंतांचा कायमस्वरूपी समुदाय आणि त्याची जबाबदारी सोपवलेला प्रमुख धर्मगुरू, असे त्याचे स्वरूप असून तो धर्मप्रांताच्या बिशपांच्या अधिकाराखाली चालतो. सध्याचा धर्मकायदा (1983) धर्मग्रामाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व देतो. म्हणजे धर्मगुरू बदलला तरी धर्मग्राम, त्याची मालमत्ता व त्याचे दफ्तर कायम राहते. चर्चची इमारत हा धर्मग्रामाचा केवळ एक भाग आहे. बोलण्यात मात्र ‘आमचं चर्च’ म्हणजे धर्मग्रामच. प्रस्तुत नोंद मुख्यतः वसई तालुक्यातील जुन्या धर्मग्रामांविषयी आहे.

पूर्वपीठिका : 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट संघांच्या धर्मगुरूंनी किल्ल्यात आणि भोवतालच्या गावांत चर्च उभारली. धर्मांतरे कोणत्या परिस्थितीत व किती स्वेच्छेने झाली, तसेच सामवेदी (कुपारी) समाजाचे मूळ काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय संन्यासी संघ गेले आणि धर्मग्राम देशी धर्मगुरूंनी सांभाळले. पुढे पोर्तुगालच्या राजाचा धर्माश्रय (पाद्रोआदो) आणि रोमचा थेट अधिकार यांच्यातील दीर्घ वादात वसईचे धर्मग्राम सापडले. 1886 मध्ये स्थापन झालेल्या दमण धर्मप्रांताकडे ते होते. 1928 च्या करारानंतर ते मुंबईच्या अधिकारात आले. 22 मे 1998 रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडी येथील चर्च त्याचे मुख्य चर्च असून पहिले बिशप थॉमस डाबरे, दुसरे फेलिक्स मच्याडो (2009 पासून) आणि 2024 पासून थॉमस डिसोजा होत.

वर्षक्रम : धर्मग्रामाचे वर्ष एकाच दिवशी सुरू होत नाही. उपासनेचे वर्ष 30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी, आगमनकाळाने उघडते. सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेबाचे वर्ष 1 एप्रिलला, शाळेचे आणि तिच्याबरोबर रविवारच्या धर्मशिक्षणाचे वर्ष जूनमध्ये. लग्नसराई ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ टाळून धरली जाते, आणि वाडीतल्या कामांचे वर्ष पावसाप्रमाणे. प्रमुख धर्मगुरूची डायरी या सर्वांचा मेळ घालण्यातच भरते. त्यातही ईस्टर हलते असते. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांपैकी कोणत्याही दिवशी येतो (2024 मध्ये 31 मार्च, 2025 मध्ये 20 एप्रिल, 2026 मध्ये 5 एप्रिल). तो लवकर आला की नाताळ आणि राखेचा बुधवार यांमधली जागा आक्रसते आणि त्या वर्षी जानेवारीत एकेका शनिवारी तीन-चार लग्नांच्या वेळा लावाव्या लागतात. सण समजून घ्यायचे तर ते या आक्रसण्याच्या संदर्भातच घेतले पाहिजेत. बहुतेक वर्णने ही बाजू सोडून देतात.

उपवासकाळाच्या आरंभी कपाळावर लावली जाणारी राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळ्या घरोघरी क्रुसामागे वर्षभर खोचलेल्या राहतात आणि राखेसाठी परत मागवल्या जातात. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी उपवास पाळायचा असून त्याची वयोमर्यादा 18 ते 59, तर मांसवर्ज्यतेचा नियम 14 वर्षांपासून पुढे. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची 14 स्थाने फिरली जातात. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. 2016 पासून त्यासाठी स्त्रियांनाही निवडता येते, सर्वत्र निवडले जाते असे नाही. शुभ शुक्रवारी मिस्सा (ख्रिस्तयाग) होत नाही. शनिवारी रात्री नवा अग्नी पेटवून पास्काची मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो.

मे महिन्यात आळीआळीतल्या क्रुसापाशी जपमाळ म्हटली जाते. ख्रिस्तशरीराचा सण मेअखेर किंवा जूनच्या पावसात येत असल्याने मिरवणूक अनेकदा नोव्हेंबरातील ख्रिस्तराजाच्या सणाकडे ढकलली जाते. 15 ऑगस्टला स्वर्गोन्नयनाचा सण आणि झेंडावंदन एकाच पटांगणात होते. 8 सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन असतो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाजात नव्या भाताचा ‘अगेरा’. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस, दफनभूमीची साफसफाई व मेणबत्त्या. प्रत्येक चर्चच्या आश्रयदात्याचा सण वेगळा : सांडोरचा संत थॉमस 3 जुलै, आगाशीचा संत जेम्स 25 जुलै, निर्मळचा पवित्र क्रूस 14 सप्टेंबर, माणिकपूरचा संत मायकल 29 सप्टेंबर. यांतील बरेच पावसात पडतात. सणाचा बाह्य सोहळा लगतच्या सोयीच्या रविवारी नेता येतो.

आश्रयदात्यांपैकी एक वसईचेच : संत गोन्सालो गार्सिया. त्यांचे 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे हौतात्म्य झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. गास येथील चर्च त्यांच्या नावाचे आहे. (पहा : गोन्सालो गार्सिया.)

दफ्तर : धर्मग्रामाचा सर्वांत टिकाऊ भाग. ट्रेंट परिषदेच्या 1563 च्या आदेशाने लग्न धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर लागणे आणि नोंदवहीत उतरणे बंधनकारक झाले. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या वह्या आणि त्याखेरीज कुटुंबवार लोकगणनेची वही ठेवण्यास सांगितले. सध्याच्या कायद्याप्रमाणे स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्या, धर्मग्रामाचा शिक्का आणि बंद कपाट आवश्यक आहे.

स्नानसंस्काराच्या वहीत बालकाचे नाव, जन्माची तारीख व स्थळ, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, विधी करणारा आणि विधीची तारीख असते. खरे महत्त्व समासाचे. पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण, लग्न, दीक्षा किंवा संन्यासाचे अखेरचे व्रत जिथे कुठे होईल, तिथून मूळ धर्मग्रामाला कळवले जाते आणि जन्माच्या ओळीशेजारीच ते लिहिले जाते. उदाहरणार्थ, वसईतील नंदाखालला स्नानसंस्कार झालेल्या मुलीचे लग्न वांद्र्याला लागले, तरी तिचे आयुष्य नंदाखालच्याच पानावर पुढे सरकते. लग्न रद्दबातल ठरल्याचा निर्णयही तिथेच येतो. म्हणून लग्नाआधी नवा उतारा मागतात. जुना उतारा, मग तो कितीही खरा असो, समासातल्या मजकुराविषयी काहीच सांगत नाही.

वसईत या वह्यांचा वापर करताना आडनावांची अडचण येते. डिमेलो, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, तुस्कानो, डाबरे, मच्याडो, घोन्सालवीस या मोजक्या आडनावांत शेकडो कुटुंबे सामावली असून आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. एकाच गावात एकाच पिढीत एकाच नावाचे तिघे सापडतात. ओळख मग आळीच्या किंवा घराच्या नावावर ठरते, आणि ती नोंदणाऱ्याने लिहिली असेल तरच. एकाच माणसाचे नाव जुन्या पानात पोर्तुगीज वळणाने, पुढच्या पिढीच्या पानात इंग्रजी वळणाने आणि अलीकडे देवनागरीत दिसते. पाद्रोआदोच्या अधिकाराखालील वह्यांची भाषा पोर्तुगीज व लॅटिन, नंतरच्यांची इंग्रजी. वंशावळ शोधणाऱ्याने मृत्यूच्या वहीवर विसंबू नये. तिच्यात नाव, वय आणि दफनाची तारीख यापलीकडे फारसे काही नसते, आणि वय बहुधा अंदाजी असते.

1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे लग्नाच्या नोंदीला सरकारी अंगही आहे. जन्म व मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी 1969 च्या कायद्याने देशभर एकसूत्री झाली. तोवर शाळाप्रवेशासाठी व वयाच्या दाखल्यासाठी चर्चचाच उतारा चाले. वह्यांचे संगणकीकरण ठिकठिकाणी हाती घेतले जात असले, तरी मूळ वही नष्ट करता येत नाही. समासातली हस्ताक्षरे वाचणारा माणूस ही त्या कामातली खरी उणीव आहे.

कारभार : आर्थिक मंडळ कायद्याने अनिवार्य, पाळकीय मंडळ बिशपांच्या इच्छेवर आणि केवळ सल्लागार. दोन्हींत प्रापंचिक (धर्मगुरू वा संन्यासी नसलेले श्रद्धावंत) असतात. दर रविवारी प्रमुख धर्मगुरूला लोकांसाठी एक मिस्सा अर्पण करावी लागते, तिचे दान घेता येत नाही. वार्षिक हिशेब बिशपांकडे आणि धर्मादाय आयुक्तांकडे. काही दाने धर्मग्रामात राहत नाहीत : शुभ शुक्रवारचे पवित्र भूमीसाठी, जूनअखेरचे पोपच्या दानकार्यासाठी, ऑक्टोबरातील मिशन रविवारचे (1926 पासून) मिशन कार्यासाठी. 1918 मध्ये पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सुरू झालेली पतपेढी ही आजची बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक. पाऊस आणि पीक यांवर जगणाऱ्या वाडीवाल्यांना धर्मग्रामाच्या ओळखीवर कर्ज मिळण्याची ही वाट होती. तिचा इतिहास स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

संगीत : मराठी भजने व क्वायर.

उपासनेची भाषा : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लॅटिनच्या जागी मराठी आली. घरात कादोडी ही सामवेदींची बोली बोलणाऱ्यांसाठी ही प्रमाण मराठी शाळेचीच भाषा होती. ‘सुवार्ता’ मासिकाने आणि 1983 पासून अनेक वर्षे त्याचे संपादक असलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी (2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, मृत्यू 2024) या मराठीला चर्चबाहेरचे वाचकही मिळवून दिले. वसई-विरारच्या पूर्व भागातील नव्या वसाहतींत गोवा, मंगळूर व केरळकडून आलेल्या कुटुंबांमुळे इंग्रजी मिस्सांची मागणी वाढली आहे. मराठी व इंग्रजी मिस्सांच्या वेळांचे वाटप हा नाजूक विषय असून तो धर्मग्रामागणिक वेगळा सुटतो.

पुढील योजना : धर्मग्रामाची योजना वरून येणाऱ्या कार्यक्रमात स्थानिक गरजा बसवून तयार होते. वरचा कार्यक्रम सध्या सिनडचा (ख्रिस्तसभेच्या सर्व स्तरांवरील विचारविनिमयाचा) आहे. 2021 मध्ये धर्मग्राम पातळीवरील बैठकांनी सुरू झालेली ही प्रक्रिया ऑक्टोबर 2024 च्या अंतिम दस्तऐवजानंतर अंमलबजावणीच्या टप्प्यात असून ऑक्टोबर 2028 मध्ये व्हॅटिकनमध्ये तिच्यावर सभा व्हायची आहे. भारतातील लॅटिन विधीच्या बिशपांची योजना ‘मिशन 2033’ नावाने आहे. 2033 हे येशूच्या मृत्यू व पुनरुत्थानाचे परंपरेने मानलेले द्विसहस्राब्दी वर्ष. बैठकांचे अहवाल जपण्याजोगे आहेत : स्त्रियांनी व तरुणांनी काय मागितले, हे धर्मग्रामाच्या दफ्तरात लेखी आले.

स्थानिक बाजूला तीन गोष्टी वारंवार येतात. पहिली दफनभूमीची जागा. थडगी ठरावीक काळाने उघडून पुन्हा वापरली जातात आणि अस्थींसाठी भिंतीतले कोनाडे बांधले जातात, तरी दाट वस्तीत जागा पुरत नाही. दुसरी जमीन. 1980 च्या दशकाअखेर वाडीची जमीन बांधकामाला खुली होऊ लागल्यावर हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात धर्मगुरू पुढे होते. धर्मग्रामाने राजकीय-सामाजिक प्रश्नात किती उतरावे याबाबत तेव्हापासून मतभेद आहेत. आता पावसाचे पाणी साठणे, विहिरी खारट होणे आणि नाले बुजणे हे विषय पाळकीय मंडळाच्या कार्यपत्रिकेवर येतात. तिसरी घरभेटी. मार्च 2020 मध्ये चर्च बंद झाली आणि मिस्सा मोबाइलवर आली. राज्यातील प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली, 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि 7 ऑक्टोबर 2021 पासून खुली झाली. त्या काळात घरातच राहिलेले वृद्ध मिस्सेला परतले नाहीत, म्हणून आजाऱ्यांना घरी ख्रिस्तशरीर नेणाऱ्या प्रापंचिक सेवकांची संख्या वाढवणे आणि लहान ख्रिस्ती समूहांमार्फत कुटुंबपत्रके नव्याने भरणे योजनेत आले. ही पत्रके 1614 च्या लोकगणनेच्या वहीचीच वंशज असून त्यांचे रकाने मात्र धर्मप्रांतागणिक वेगळे आहेत. परदेशी गेलेल्या मुलांसाठी त्यांत जागा ठेवावी की नाही, याचा निर्णय बहुतेक ठिकाणी पत्रक भरणाऱ्यावर सोडलेला आहे.