जामीनदार

आम्हा वसईकर कॅथॉलिक मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळ्यात आधी भेटायचा तो संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेलेला आणि 1862 मध्ये संतपदी पोचलेला. त्याच्या गोष्टीतून मनावर ठसायचं ते हे, की श्रद्धा हा आपला आणि देवाचा मामला. पापनिवेदनाच्या जाळीपाशीही तेच. माझी पापं माझी, शेजाऱ्याची शेजाऱ्याला ठाऊक.

मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांचं नाव मात्र त्या वर्गात आम्ही कधी ऐकलं नाही. आणि आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत पासबुक होतं ते त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेचं.

मोनिसांच्या काळची वसई वाडीवर जगणारी. केळी, नागवेल, बावखलाचं पाणी, विहिरीवर रहाट. पानवेलीला मांडव आधी घालावा लागतो, खत आधी लागतं. पानाचा पैसा मागाहून येतो. मधल्या दिवसांत सावकाराचा उंबरठा. माझे आजोबा देवाला भीत, पण सावकाराला जरा जास्तच. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्येच मजुराच्या रोजीचा प्रश्न चर्चच्या शिकवणीत आणला होता, आणि इथे सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 साली झाला होता. 1918 मध्ये मोनिसांच्या पुढाकाराने कॅथॉलिकांची पतसंस्था निघाली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक, मुख्य कचेरी पापडीला.

अशा पतपेढीत गरिबाला कर्ज मिळतं ते जामीनदाराच्या सहीवर. कर्ज घेणारा बुडाला तर भरायचं जामीनदाराने. जाळीपाशी वेगळी असलेली माणसं इथे एका कागदावर एकमेकांना बांधली गेली. माझ्या मते मोनिसांचं मोठं प्रवचन हेच, आणि त्यासाठी त्यांना व्यासपीठावर चढावं लागलं नाही.

पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो चढले. 1980च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली, विहिरींचं पाणी टँकरने शहराकडे निघालं, तेव्हा ‘हरित वसई’ची चळवळ त्यांनी उभी केली. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते तेव्हा संपादक होते. लिहिलंही आणि मोर्चेही काढले. माझे एक काका तेव्हा कुरकुरत, ‘फादरांनी मिस्सा सांगावी, आमच्या सातबाऱ्यात कशाला डोकावतात?’ काकांना हसणं सोपं आहे. पण जमीन विकणारे आपलेच होते, रविवारी पुढच्या बाकावर बसणारे. कुणाला मुलगी उजवायची होती, कुणाला भावांचे वाटे करायचे होते. बिल्डरविरुद्ध घोषणा द्यायला काही लागत नाही. स्वतःच्या धर्मग्रामाला खडसावायला फार लागतं. तरीही काका चुकलेच. बिल्डरने वाडी एकाची घेतली, विहिरी मात्र आळीतल्या सगळ्यांच्या आटल्या.

दिब्रिटो पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यामुळे त्यांचं नाव राहील. मोनिसांचं तसं नाही. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात गोन्सालोनंतरचा धडा त्यांचा घाला, आणि जामीनदार कोण असतो हे मुलांना तिथेच शिकवा.